पालक की बटाटा

पंक्चरवाल्याच्या शेजारी काकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, शटर वर केलं की एक टेबल, भिंतीवर वायरींची भेंडोळी, आणि पुढं फरशीवर एकच मोटरसायकल मावेल एवढी जागा. दुसरी आली की ती रस्त्यावर. काका फक्त वायरिंग करायचे. हॉर्न, लाइट, सेल्फ, चार्जिंग. इंजिनाला हात लावायचे नाहीत. कोणी म्हणालं की काका, आलोच आहे तर जरा ऑइल बघा, तर म्हणायचे, तेलकट कामाला पलीकडच्या गल्लीत जायचं.

आणि काकांच्या उजव्या हाताला, स्टुलावर, काकू.

एकतीस वर्षं. सकाळी शटर उघडायला काकू, संध्याकाळी पाडायला काकू. काका हेडलाइट उघडून वायरींच्या गुंत्यात बोटं घालून बसायचे आणि काकू शेजारी बसून तोंड चालवायची. तेही काय, तर भाजी. काका एक वायर चिमटीत धरून विचारायचे, "आज काय आणू?" काकू म्हणायची, "पालक." मग दुसरी वायर, "अजून?" काकू म्हणायची, "बटाटा." गाडीवाला समोर उभा असतो, त्याला वाटायचं, कमाल आहे, यांच्या घरी किती खातात. एका मास्तरांनी तर मोजलं होतं. एका इंडिकेटरच्या कामात अकरा वेळा भाजी. शेवटी ते म्हणाले, काका, एकदाच यादी लिहून घ्या ना खिशात.

लोक नाही नाही ते बोलायचे. संशयी बाई आहे, नवऱ्याला नजरेआड होऊ देत नाही, असं. पंक्चरवाला तर तोंडावर म्हणायचा, काकांनी बायको नाही केली, कॅमेरा बसवून घेतलाय. काकू ऐकून घ्यायची. एरवी ही बाई कोणाचं अर्धं वाक्य ऐकून घेणारी नव्हती. मागच्या गल्लीतल्या शिंप्याला तिनं एकदा असं झापलं होतं की तो महिनाभर लांबून जात होता. पण या एका बाबतीत गप्प. कारण खरं सांगितलं असतं तर काकांचं बिंग फुटलं असतं.

काकांना रंग कळत नव्हते. जन्मापासून. हिरवं, लाल, तपकिरी, सगळं एकाच चिखलातून काढल्यासारखं. आणि धंदा कुठला, तर वायरिंगचा, जिथं सगळा खेळच रंगाचा. म्हणजे पोहता येत नाही आणि नावाड्याची नोकरी.

काकूला हे लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. पिकलेले टोमॅटो आणा म्हणून पाठवलं, तर गडी पिशवीभर हिरवेगार घेऊन आला आणि वर म्हणतो, बघ कसे लाल निवडून आणलेत. काकू हसली नाही. दुसऱ्या दिवशी डबा द्यायला म्हणून ती दुकानात गेली. तेव्हा दुकान नवीन होतं. काका दोन वायरी हातात धरून बसलेले, कपाळावर घाम, आणि समोर गाडीवाला घड्याळ बघतोय. काकूनं डबा ठेवला, शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, उजव्या हातातली टोमॅटो आहे, डाव्या हातातली पालक. काकांनी तिच्याकडं असं बघितलं, जसा बुडत्याला दोर दिसावा. त्या दिवसापासून ती उठलीच नाही.

हिरवी वायर म्हणजे पालक, तपकिरी बटाटा, लाल टोमॅटो, पांढरी मुळा. हिरव्यावर पिवळी रेघ असली की "पालकावर लिंबू पिळा." निळा रंग तेवढा काकांना दिसायचा, नशीब, कारण निळी भाजी आणायची कुठून? गावभर नाव झालं की काकांच्या हातून आजपर्यंत फ्यूज उडाला नाही. लोक काकांच्या हाताचं कौतुक करायचे. काकू मान हलवायची, जसं काही तिचा त्यात काही संबंधच नाही.

आता मुद्द्याचं. तीन महिन्यांपासून काकूलाच नीट दिसत नव्हतं.

सुरुवातीला तिला वाटलं चष्मा पुसायला हवा. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली. मग समजलं की धुकं काचेवर नाही, डोळ्यात आहे. सगळं जग चहाच्या फडक्यातून गाळल्यासारखं पिवळट. पांढरं पिवळं दिसायचं, हिरवं आणि तपकिरी एकमेकांत मिसळून जायचं. मोतीबिंदू, दुसरं काय. शेजारणीला झाला होता तेव्हा असंच सांगत होती ती.

काकू कोणाला बोलली नाही. ऑपरेशनची भीती होतीच, पण खरी भीती ती नव्हती. ती विचार करायची, मी रंग सांगते म्हणून या स्टुलावर आहे. रंग गेले की मी कोण? चपात्या लाटून डबा भरायचा आणि दिवसभर भिंतीकडं बघत घड्याळ मोजायचं. पोरं तर नव्हतीच. दुकान सोडून तिला दुसरं काही नव्हतं. म्हणून ती अंदाजानं सांगायला लागली. एकतीस वर्षांत कुठल्या गाडीत कुठली वायर कुठं बसते हे तोंडपाठ झालं होतं तिला. जाडीवरून, जागेवरून, कनेक्टरच्या खाचेवरून. आणि एकही फ्यूज उडाला नाही. ती मनात म्हणायची, बघ, डोळे काय करायचेत.

त्या सकाळी औषधवाली आली. पोरगी पंचवीस-सव्वीसची, एका मोठ्या औषधाच्या दुकानातून घरोघरी औषधं पोचवायची. गाडी अगदी नवीन, कव्हरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मागं एक निळा डबा बांधलेला. इंजेक्शनं थंड ठेवायचा डबा, म्हणाली, बारा व्होल्टवर चालतो. आत्तापर्यंत बर्फाच्या पिशव्या टाकत होते, दुपारपर्यंत पाणी होतं त्याचं. मला हँडलला पॉवर सॉकेट बसवून द्या, चावी चालू केली की चालू, बंद केली की बंद. अकरा वाजता निघायचंय, एक आजी दहा मिनिटं उशीर झाला की फोन करकरून जीव खातात.

काकांनी सगळं काढलं. सॉकेट धातूचं होतं, हँडलच्या नळीला क्लिपनं आवळायचं. बॅटरीवरून एक जाड वायर, तिच्या वाटेत फ्यूज, मग रिले. रिले म्हणजे दारवान. चावी फिरली की तो दार उघडतो आणि बॅटरीचा करंट सॉकेटला जातो. आणि सॉकेटच्या अंगाची वायर अर्थिंगला. काम सोपं. काकांनी अशी पन्नास तरी केली असतील.

हेडलाइट उघडला, आणि काकू पुढं वाकली. नवीन मॉडेल. कनेक्टर वेगळा, वायरींचा क्रम वेगळा. पाठ केलेलं सगळं पाण्यात. तिला दिसला तो एक पिवळट झुबका, केस न विंचरलेल्या पोरीसारखा.

"आज काय आणू?" काकांनी विचारलं.

काकूनं डोळे बारीक केले. मग म्हणाली, चहा घेऊन येते आधी, आणि उठली. वेळ काढायचा होता तिला. चहावाला चार दुकानं सोडून, पण त्याच्याकडं दूध उतू गेलेलं, म्हणाला दहा मिनिटं लागतील. काकू तशीच परत आली आणि दाराशीच थांबली.

काकांच्या हातात टेस्ट लॅम्प होता. एक छोटा बल्ब, एका बाजूला चिमटा, दुसऱ्या बाजूला सुई. चिमटा बॅटरीला लावायचा आणि सुई वायरला टोचायची. करंट असेल तर बल्ब पेटतो. काका एकेक वायर टोचून बघत होते, पाठमोरे, चोरून खाणाऱ्या पोरासारखे. औषधवाली बाहेर फोनवर आजींना समजावत होती.

काकू बसली. तिचा आवाज बदलला होता.

"हे कधीपासून?"

काका दचकले. म्हणाले, अगं सहज, नवीन मॉडेल आहे म्हणून. काकू म्हणाली, एकतीस वर्षांत मी सांगितलं आणि तुम्ही जोडलं, कधी सुई टोचली नव्हती. आता माझ्यावर भरवसा नाही राहिला का? तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी घरी बसते.

आता काकूला माहीत होतं की तीच खोटं वागतेय. पण माणूस घाबरला की आधी भांडतो.

काकांनी तिच्याकडं बघितलं. मग लॅम्प गुंडाळला, टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला. खाली बसले. सॉकेटच्या अंगाची वायर डाव्या हातात, झुबक्यातली एक उजव्या चिमटीत.

"आज काय आणू?"

अर्थिंग म्हणजे पालक. काकांच्या चिमटीतली वायर कडेला होती, आणि जुन्या गाड्यांत कडेची पालकच असायची.

"पालक," ती म्हणाली.

काकांनी एक क्षण थांबून वायर सोलली, पीळ दिला, टेप मारली. बाकीचं जोडलं. औषधवाली आत आली. काकांनी तिला चावी फिरवायला सांगितली.

टक्.

एवढाच आवाज. नख तुटल्यासारखा. पण मीटरचा लाइट गेला, मागचा लाइट गेला, आणि कुठूनतरी जळकट वास आला. बटाटा होता तो. पार्किंग लाइटची चालू लाइन. ती सॉकेटच्या धातूच्या अंगाला जोडली गेली, अंग हँडलच्या नळीला टेकलेलं, सगळा करंट गाडीच्या सांगाड्यात. फ्यूज उडाला.

शेजारून पंक्चरवाला टायर टाकून धावत आला. याला नाक आहे की काय कोण जाणे. म्हणाला, काका, तुमच्या हातून? ही बातमी झाली. मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

काका म्हणाले, माझी चूक. क्लिप नीट बसवली नाही मी. वय झालं आता.

काकूला ते सहन झालं नाही. या माणसानं कधी क्लिप वाकडी बसवली नव्हती, आणि आज तिच्यासाठी पंक्चरवाल्यासमोर म्हातारा झाला.

"बाई, चूक त्यांची नाही, माझी आहे," ती म्हणाली.

औषधवालीनं तिच्याकडं बघितलं. "तुमची कशी? तुम्ही तर भाजी सांगत होता."

आता काय बोलणार? खरं बोलावं तर नवऱ्याची अब्रू, खोटं बोलावं तर नवऱ्याचाच हात बदनाम. काकूनं मधला रस्ता धरला. म्हणाली, मी बडबडते ना सारखी, त्यांचं लक्ष उडालं. पंक्चरवाल्याला तर आयतंच मिळालं. म्हणाला, मी कधीपासून सांगतोय काका, काकूला घरी ठेवत जा. बाईमाणसाचं काय काम इथं. दिवसभर पालक आणि बटाटा. आज फ्यूज उडाला, उद्या गाडी पेटेल.

काकू खाली बघत होती. ज्या गोष्टीला ती तीन महिने भीत होती ती गोष्ट या मेल्यानं टायर सोडून येऊन तिच्या पुढ्यात टाकली. तिलाच ते खरं वाटायला लागलं.

काका उठले. हात पुसले. बराच वेळ पुसले.

"मला रंग कळत नाहीत," ते म्हणाले.

पंक्चरवाला म्हणाला, काय?

"रंग. मला लाल-हिरवं कळत नाही. कधीच कळलं नाही. भाजी म्हणजे रंग आहेत. ती सांगते, मी जोडतो. एकतीस वर्षं जो फ्यूज उडाला नाही ना, तो तिचा."

काकूनं आयुष्यभर जे झाकून ठेवलं होतं ते या माणसानं स्वतःच्या हातानं उघडं केलं, तेही कोणासमोर, तर गावभर ज्याची जीभ फिरते त्याच्यासमोर. पंक्चरवाल्याचं तोंड उघडंच. शेवटी तो म्हणाला, म्हणजे माझ्या गाडीचं वायरिंग पण? काका म्हणाले, चालतंय ना? तो म्हणाला, चालतंय. मग झालं तर.

मग काकूलाही थांबवेना. म्हणाली, आणि आता मला दिसत नाही. तीन महिने झाले. मोतीबिंदू आहे. मी अंदाजानं सांगते.

औषधवालीनं घड्याळ बघितलं, मग या दोघांकडं बघितलं. आरडाओरडा करायला हक्काचं कारण होतं तिच्याकडं. नव्या गाडीचा फ्यूज, उशीर, आजींचा फोन. पण ती पोरगी वेगळ्याच मातीची. हेल्मेट टेबलावर ठेवलं, पुढं वाकली आणि म्हणाली, एवढंच ना, मला दिसतं की. ही हिरवी, ही तपकिरी, ती काळी. मी सांगते काका, तुम्ही जोडा.

ती चांगल्या मनानं म्हणाली, त्यात शंका नाही. पण काकू स्टुलावर अशी आकसली की जणू तिला कोणी सरक म्हणालं. उठायलाच निघाली होती ती. म्हणाली, बसा बाई इथं, नीट दिसेल.

"तू बस गं," काका काकूला म्हणाले. मग पोरीला म्हणाले, "तू तिकडं उभी राहा. रागावू नको. मला तिचीच सवय आहे."

त्यांनी खण उघडला, लॅम्प काढला. चिमटा बॅटरीला लावला, सुई आपल्या हातात ठेवली आणि बल्ब काकूच्या हातात दिला. तिच्या चेहऱ्याजवळ, तळहाताच्या ओंजळीत.

"रंग जाऊ दे. पेटला की सांग."

धुक्यातून दिवा दिसतोच. उलट मोठा दिसतो, भोवती गोल कडं घेऊन. काकांनी पहिली वायर टोचली.

"पेटला," काकू म्हणाली.

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही. थांबा. नाही."

"नक्की?"

"मला विचारताय ना? मग नाही म्हणजे नाही."

पंक्चरवाला हसला, आणि काकूही हसली, डोळ्यातलं पाणी न पुसता. मग काकांनी चिमटा बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला फिरवला, कारण अर्थिंग उलट्या बाजूनं शोधावी लागते, आणि पुन्हा एकेक. या खेपेला पेटेल ती पालक. चौथी वायर पेटली. काकूनं सांगितलं. काकांनी जोडली, टेप मारली, सॉकेटखाली रबराची चकती घातली आणि नवीन फ्यूज बसवला. औषधवालीनं डब्याची पिन खोचली, आणि चावीवर हात ठेवून थांबली. तीसुद्धा घाबरली होती. काकू म्हणाली, फिरव गं.

डब्यातून बारीक घुमघुम आवाज आला. पंख्याचा. पोरीनं डब्याला कान लावला, जसं कोणी पोटातलं बाळ ऐकतं.

जाताना हेल्मेट चढवत ती काकूला म्हणाली, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब मी रोज तीन-चार घरी देते. पहिल्या दिवशी सगळे रडतात, आठव्या दिवशी मला म्हणतात, पोरी, तुझ्या चेहऱ्यावर एवढ्या पुटकुळ्या होत्या होय. तुम्ही पण म्हणाल. आणि अकराला पाच कमी असताना गेली.

पंक्चरवाला दिवसभर आला नाही. चहावाल्याकडून दोनदा चहा मात्र पाठवला, न सांगता. त्याची माफी मागायची तीच पद्धत असावी.

दुपारी दोन गाड्या झाल्या. दोन्ही वेळा लॅम्प काकूच्या हातात. पण तिचं डोकं दुसरीकडंच चालू होतं. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं, काका हत्यारं पुसून ठेवत होते, तेव्हा तिनं विचारलंच. तीन महिने मी अंदाजानं सांगत होते, आणि एकही फ्यूज उडाला नाही. असं कसं?

काका पक्कड पुसत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या आठवड्यापासून," काका म्हणाले. "तू मुळा म्हणालीस, जोडलं तर हॉर्नच वाजेना. मग मी तू चहाला गेलीस की टोचून बघायचो."

"आणि बोलला नाहीत?"

"तू कुठं बोललीस?"

"मग आज लॅम्प का ठेवलात खणात? माहीत होतं ना, चुकेल म्हणून?"

काका म्हणाले, तू रुसली होतीस. फ्यूज काय, दुसरा मिळतो.

काकूला आधी ते बरं वाटलं. पण मग त्याच्या मागचं तिला दिसलं, आणि ते काही गोड नव्हतं. लॅम्प होता. आधीपासून होता. सुई टोचायची, पेटला-नाही पेटला बघायचं. थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.

"म्हणजे मी नसले तरी काम होतं," ती म्हणाली.

"होतं," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. क्लिपचं सोडून.

"मग एकतीस वर्षं कशाला बसवून ठेवलंत मला? लोकांचं ऐकायला?"

काकांनी पक्कड ठेवली. हा माणूस दिवसात चाळीस शब्द बोलत असेल, त्यातले वीस 'आज काय आणू'. त्यामुळे त्यांना जुळवायला वेळ लागला.

"लॅम्पला विचारलं तर पेटतो, नाहीतर गप्प बसतो," ते म्हणाले. "तू न विचारता बोलतेस. तू यायच्या आधी एक वर्ष मी या दुकानात एकटा बसलो होतो. परत नाही बसायचं मला."

काकू काही बोलली नाही. म्हणजे बघा, काकू.

मग तिनं चष्मा काढला, डोळे मनगटानं पुसले आणि विचारलं, ऑपरेशन केलं आणि तरी रंग आले नाहीत तर? काका म्हणाले, तर दोघांनाही येत नाहीत, लोक म्हणतील जोडा शोभतो. पुढच्या मंगळवारी जाऊ डॉक्टरकडं, दुकान बंद ठेवतो.

"मंगळवार कशाला?" काकू म्हणाली. "उद्याच जाऊ. मंगळवारपर्यंत माझा विचार बदलेल."

उद्या सकाळी दोन गाड्या येणार आहेत, काका म्हणाले. येऊ देत, काकू म्हणाली, पंक्चरवाला सांगेल त्यांना काय सांगायचं ते. नाहीतरी आत्तापर्यंत सगळ्या गावाला सांगून झालं असेल त्याचं. काका शटरचा आकडा शोधत होते. काकूनं त्यांच्या बाहीला धरलं, तिला पायरी नीट दिसत नव्हती, आणि यावेळी तिनं ते लपवलं नाही.